तीस रात्री पंचतारांकित: दुबईत नोकरीला गेल्यावर कंपनीच्या हॉटेलात राहायचं कसं

ऑफर लेटरमधली ती ओळ मी आईला दोनदा वाचून दाखवली होती. पहिले तीस दिवस पंचतारांकित हॉटेलात राहण्याची सोय कंपनीतर्फे. आई म्हणाली, "मजा आहे बाई तुझी." मजा होतीच. पांढऱ्याशुभ्र चादरी, शेख झायेद रोडवर उघडणारी खिडकी, सकाळी चाळीस प्रकारचा नाश्ता. आणि एकविसावी रात्र सरली तेव्हा लक्षात आलं की आता नऊच उरल्या आहेत आणि आपण एकही घर पाहिलेलं नाही.

हॉटेल सगळं हातात आणून देतं, त्यामुळे अंगातली निकड निघून जाते. लॉजवर उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी घर शोधायला बाहेर पडतो. पंचतारांकितमधला माणूस पोहायला जातो. मी काय उशिरा शिकले ते तुम्ही वेळेत करावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

निघण्यापूर्वी, घरीच

पदवीचं साक्षांकन भारतात असतानाच उरका. एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशाची कागदपत्रं मान्य करणारा जो अपोस्टिल करार आहे, त्यात संयुक्त अरब अमिरात नाही, त्यामुळे नुसता अपोस्टिलचा शिक्का चालत नाही. आधी राज्य सरकार, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात अशी साखळी आहे आणि शेवटची मोहोर तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाची. नवरा-मुलं मागून येणार असतील तर विवाह नोंदणीचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले याच फेरीत काढून घ्या. दुबईत बसून मुंबईतल्या एजंटला फोन करत राहण्यासारखं दुसरं वैतागवाणं काम नाही.

बँकेचं मोबाइल नंबरवर अडतं. भारतातलं सिम बंद करू नका. त्यावर रोमिंग चालू ठेवून स्वस्तातला रिचार्ज मारत राहा, कारण भारतातल्या प्रत्येक व्यवहाराचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. बचत खातं परदेशी गेल्यावर एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या पैशांच्या खात्यात, बदलून घ्यावं लागतं. तिकडचा पगार भारतात पाठवायला एनआरई खातं वेगळं काढा. ही विनंती शाखेत जाऊनच देऊन या. निघायच्या तारखेचाही आयकराशी संबंध आहे: नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी निवासी ठरवताना १८२ दिवसांचा निकष लागतो. मी मे अखेरीस निघाले, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. नोव्हेंबरात निघणाऱ्याने सीएला आधी विचारावं.

आता बॅग. इथे मराठी घरात एक घोळ हमखास होतो आणि तो म्हणजे खसखस. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. अफूच्या झाडाचं बी म्हणून तिच्याकडे अमली पदार्थाच्या नजरेने पाहिलं जातं. डब्यातली सुटी खसखस कुणी नेत नाही. पण डिंकाचे लाडू? अनारसे? आणि आईच्या हातचा गोडा मसाला? आमच्याकडच्या मसाल्यात खसखस असते हे मला निघायच्या आदल्या रात्री आठवलं आणि अर्धा किलो मसाला मावशीकडे गेला. औषधांचंही तसंच. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या तिथे नियंत्रित आहेत. चिठ्ठी तर हवीच, शिवाय काही औषधांना आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी लागते. "घरगुती" म्हणून भरलेला औषधांचा डबा एकदा उपडा करून बघा.

मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, तूप मात्र खुशाल घ्या. त्यांचं काम पुढे आहे.

चेक-इनच्या काउंटरवर दहा मिनिटं जास्त थांबा

रात्री दोनला विमान उतरतं, डोळे मिटत असतात, आणि समोरचा माणूस हसत हसत कार्ड मागतो. इथेच चार गोष्टी विचारून घ्यायच्या.

कंपनी नेमकं काय भरणार आहे? बहुतेक वेळा "खोली आणि नाश्ता" एवढंच. लाँड्री, जेवण, फोन, मिनीबार तुमच्याकडे. मग बिलाचे दोन भाग करायला सांगा, एक कंपनीच्या नावे आणि एक तुमच्या. हॉटेलवाले त्याला फोलिओ म्हणतात. हे पहिल्या दिवशी सांगितलं तर दोन मिनिटांचं काम असतं आणि तिसाव्या दिवशी सांगितलं तर दोन तासांचं.

टुरिझम दिरहम कोण देणार? दुबईत प्रत्येक खोलीवर प्रत्येक रात्री हा आकार लागतो. पंचतारांकितला २० दिरहम, चारतारांकितला १५. सलग ३० रात्रींपर्यंतच तो घेतात, पण तीस रात्रींचे सहाशे दिरहम होतात आणि काही कंपन्या एवढा एकच आकार पाहुण्याच्या गळ्यात मारतात. ईमेलमध्ये लेखी घेऊन ठेवा.

अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या, डेबिट कार्ड अजिबात नको. डेबिट कार्डातून अडवलेले पैसे खरोखरचे तुमच्या खात्यातले असतात, आणि चेक-आउटनंतर ते भारतीय बँकेत परत दिसायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. नेमके तेच आठवडे तुम्हाला घराच्या अनामतीचे पैसे जुळवायचे असतात.

चौथी गोष्ट फ्रिजची, आणि ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती. "मिनीबार रिकामा करून द्या" म्हणून सांगा. कित्येक हॉटेलांत बाटली उचलली की बिलात नोंद होते असे सेन्सर असतात, त्यामुळे आपला दह्याचा डबा ठेवायला बाटली सरकवली तरी पंचाईत. रिकामा करून घेतला की तो नुसता फ्रिज उरतो. दही, दूध, फळं, चिरलेली कोथिंबीर, सगळं मावतं.

मेनूकार्डवरच्या किमतींचंही समजून घ्या. किमतीपुढे अधिकची खूण असेल किंवा "कर वेगळे" लिहिलं असेल, तर वर १० टक्के सेवा आकार, ७ टक्के पालिकेचा आकार आणि ५ टक्के व्हॅट येतो. शंभराचं बिल सव्वाशेच्या जवळ जातं. कंपनीचे दिवस संपल्यावर स्वतःच्या खर्चाने रात्री वाढवायची वेळ आली तर हाच हिशेब खोलीलाही लागतो: ५०० दिरहमची खोली टुरिझम दिरहम धरून ६३०च्या आसपास पडते. उन्हाळ्यात दर उतरलेले असतात. ऑक्टोबर ते एप्रिल हा तिथला हंगाम. त्या दिवसांत "बघू, चार रात्री वाढवून घेऊ" म्हणणाऱ्याला खोलीच मिळत नाही.

पहिला आठवडा कागदांचा

एंट्री परमिटवर आत आलात की वैद्यकीय तपासणी आणि एमिरेट्स आयडी ही दोन कामं पुढे ढकलू नका. तपासणीत रक्त घेतात आणि क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे काढतात. आयडीसाठी बोटांचे ठसे. कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं बघणारा माणूस, सगळं करून देतो म्हणतात आणि देतोही. पण त्याच्याकडे तुमच्यासारखे वीस जण असतात. रोज सकाळी एक नम्र मेसेज टाकायचा.

आयडीचा नंबर ७८४ ने सुरू होतो, तो देशाचा संकेतांक, आणि पुढचे चार आकडे आपलं जन्मवर्ष. पाठ करा, कारण पुढे सगळीकडे हाच विचारतात. २०२२ पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर चिकटत नाही, कार्ड हाच रहिवासाचा पुरावा. बँक खातं, घराचा करार, कायमचं सिम, सगळं त्याच्या मागे रांगेत उभं असतं. कार्ड यायला दोन-तीन आठवडे गेले तर तीस रात्रींतल्या किती उरल्या ते मोजा, म्हणजे पहिला आठवडा का वाया घालवायचा नाही ते कळेल.

पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवा. कंपनीने तो कामापुरता मागितला तर द्या आणि परत घ्या. कर्मचाऱ्याचा पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घ्यायला मालकाला तिथे कायद्याने मनाई आहे.

पत्त्याची एक गंमत आहे. दुबईत आपल्यासारखा पोस्टमन दारावर येत नाही, पत्रं पीओ बॉक्सवर येतात. फॉर्मवर पत्ता विचारला की हॉटेलचा देऊ नका, कंपनीचा पीओ बॉक्स द्या. माझं बँकेचं एक पाकीट हॉटेलच्या कुठल्या तरी कप्प्यात अकरा दिवस पडून होतं.

आणि घरी फोन. व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाही, हॉटेलच्या वायफायवरही नाही. परवानगी असलेल्या ॲपपैकी बोटिम चालतं. ते आई-बाबांच्या फोनवर निघण्यापूर्वी टाकून, एकदा त्यांच्याकडून कॉल लावून घ्या. मी तसं केलं नव्हतं. मग दुबईतून ठाण्याला, मेसेजवर, बहात्तर वर्षांच्या माणसाला ॲप डाउनलोड करायला शिकवलं. बाबांचा पहिला कॉल लागला तेव्हा पडद्यावर दहा मिनिटं फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं.

पोटाचं काय

पहिले चार दिवस बुफे स्वर्ग वाटतो. आठव्या दिवशी क्रोसाँ बघून नको होतं. आणि माणसाला भूक अंड्याची नसते, वरणभाताची असते.

खोलीत स्वयंपाक करायचा नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. इंडक्शन शेगडी, राइस कुकर लपवून आणणारे असतात. फोडणीचा धूर स्मोक डिटेक्टरला कळतो, मग अख्खा मजला जिन्यात उभा. उदबत्तीचंही तेच. देवाची छोटी तसबीर ठेवा, हात जोडा, धूर नको. केटलमध्ये फक्त पाणी उकळा; मॅगी आणि अंडी उकळलेली केटल पुढच्या पाहुण्याच्या चहाला जाते.

मला वाट दाखवली ती बॅगा वर आणून देणाऱ्या सावंतवाडीच्या एका मुलाने. आडनावावरून ओळखून तो दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाला, "ताई, भात हवा तर मेनूत बघू नका. रूम सर्व्हिसला फोन करा आणि साधा स्टीम्ड राइस एक प्लेट म्हणा. साइड ऑर्डर म्हणून देतात." खरंच, मोठी वाटी भरून वाफाळता भात आला, एका सँडविचच्या तिसऱ्या हिश्श्यात. त्यावर तूप, मेतकूट, फ्रिजमधलं दही, चटणी. अठ्ठाविसाव्या मजल्यावर, कापडी नॅपकिन मांडीवर घेऊन, मी त्या महिन्यातलं सगळ्यात चांगलं जेवण जेवले.

नाश्ता दरात धरलेलाच असतो, तो नीट करा: अंडी, फळं, दही, डोसा असेल तर डोसा. दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये. रात्री आठवड्यातून दोनदा बुर दुबई किंवा करामाला जा. करामाच्या गल्ल्यांत पोळीभाजीपासून थाळीपर्यंत सगळं मिळतं, आणि किराण्याच्या दुकानात पोहे, साबुदाणा, कोकमही. हॉटेलच्या तळमजल्यावरच्या एका जेवणात तिथली चार-पाच जेवणं निघतात.

कपड्यांचं थोडक्यात. हॉटेलची लाँड्री नगावर पैसे घेते. माझ्या हॉटेलात एका शर्टाला २८ दिरहम होते, मागच्या गल्लीतला मल्याळी लाँड्रीवाला ६ मध्ये धुऊन इस्त्री करून, वर दारात आणून द्यायचा. फक्त तो पिशवी रिसेप्शनला ठेवतो, तेव्हा तिथे आधी सांगून ठेवा.

बाहेर पडणं

दारावरचा रुबाबदार माणूस टॅक्सी बोलावतो तेव्हा काळी लिमोझिन येते, भाडं चढं. "आरटीएची टॅक्सी", म्हणजे दुबईच्या सरकारी वाहतूक खात्याची, असं स्पष्ट म्हणा. ती फिकट बदामी रंगाची असते. त्याहून बरी मेट्रो. तिच्यासाठी लागणारं नोलचं सिल्व्हर कार्ड २५ दिरहमला, त्यात १९ वापरायला. एका झोनमध्ये ३, शेजारच्या झोनपर्यंत ५, त्यापुढे साडेसात दिरहम. बायकांसाठी वेगळा डबा असतो, लोकलच्या सवयीने डोळे आपोआप तो शोधतात. मात्र डब्यात खाणं-पिणं केलं, अगदी च्युइंगम चघळलं, तरी १०० दिरहम दंड. आपली शेंगदाण्याची पुडी पर्समध्येच ठेवायची.

सुट्टी शनिवार-रविवार. पहिल्या शनिवारी खोलीत लोळण्याचा मोह होईल. त्याऐवजी संध्याकाळी बुर दुबईच्या धक्क्यावरून एक दिरहम देऊन अब्राने, म्हणजे तिथल्या छोट्या होडीने, पलीकडच्या देराला जा. आणि जाता-येता आजूबाजूच्या इमारतींवर "टू लेट" बघायला लागा.

घर: दहाव्या दिवसाच्या आत पहिलं पाहा

दुबईत भाडं वर्षाचं सांगतात आणि पुढच्या तारखांच्या चेकवर देतात, एक, दोन, चार किंवा जास्त चेकमध्ये. चेक जितके कमी तितकी घासाघीस जास्त. नवख्या माणसाला पहिला धक्का पहिल्याच दिवशी लागणाऱ्या रकमेचा बसतो. समजा वर्षाचं भाडं ७२,००० आणि चार चेक:

पहिला चेक १८,०००. अनामत ५ टक्के म्हणजे ३,६०० (फर्निचरसकट घर असेल तर १० टक्के). एजंटची दलाली ५ टक्के म्हणजे ३,६०० आणि तिच्यावर व्हॅट १८०. वीज-पाण्यासाठी 'देवा' या खात्याची अनामत २,०००. इजारी, म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंदणी, आणि जोडणीचं किरकोळ साडेतीनशे. जवळपास २७,७०० दिरहम, तेही पहिला पगार नुकताच झालेला किंवा व्हायचा असताना. म्हणून रुजू होतानाच एचआरला घरभाड्याची आगाऊ रक्कम मिळते का ते विचारा. अनेक कंपन्या देतात आणि पगारातून हप्त्याने कापतात, फक्त विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

देवा म्हणजे दुबईचं वीज-पाणी खातं, आपला महावितरण. "देवाचं बिल आलं" हे वाक्य पहिल्यांदा ऐकल्यावर मी पाच मिनिटं हसले होते. हसू बिल पाहून थांबतं, कारण वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के गृहनिर्माण शुल्क बारा भागांत त्यातच येतं.

घर पाहताना तीन गोष्टी. एक, भर दुपारी तीनला पाहा. संध्याकाळी सगळीच घरं गार असतात. पश्चिमेच्या काचेमागची बैठक जूनमध्ये भट्टी होते. दोन, "चिलर फ्री" आहे का विचारा. अनेक इमारतींत एसीचं थंड पाणी बाहेरच्या कंपनीकडून येतं आणि त्याचं बिल वेगळं. चिलर फ्री म्हणजे ते मालक भरतो. कागदावर पाच हजारांनी स्वस्त दिसणारं घर उन्हाळ्यात तेवढ्याने महाग पडतं. तीन, सकाळी साडेसातला तिथून ऑफिसला एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. शारजाला भाडी कमी आहेत म्हणून तिकडे पाहणाऱ्यांनी तर अल इत्तिहाद रोडवर एक सकाळ काढल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

पैसे देताना चेक मालकाच्या नावाचा, एजंटच्या नावाचा नाही. मालकीपत्र आणि मालकाच्या आयडीची प्रत मागा, एजंटचा नोंदणी क्रमांक मागा. "आज टोकन रोख द्या, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" हे वाक्य ठाण्यात ऐकलं होतं, तेच शब्दशः तिथे इंग्रजीत ऐकलं. आणि कराराच्या परिशिष्टात एक कलम टाकून घ्या: नोकरी गेली तर दोन महिन्यांचं भाडं देऊन करार मोडता येईल. तुमचा प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि चेक मात्र वर्षभराचे दिलेले असतात. हे कलम मागायला संकोच वाटतो. मागा.

करार झाला की क्रम असा: इजारी, मग देवा, मग चिलरचं खातं, मग इंटरनेट, मग इमारतीचं सामान आत आणण्याचं परवानापत्र. हे शेवटचं सगळे विसरतात, आणि सोफा घेऊन आलेला टेम्पो गेटवर उभा राहतो.

हॉटेल सोडताना

घराची किल्ली आणि चेक-आउट यांत दोन रात्रींचं अंतर ठेवा. देवाची जोडणी साधारण एका दिवसात होते, पण तो "साधारण" शुक्रवारी दुपारी आला की सोमवार उजाडतो.

आदल्या संध्याकाळी बिलाची छापील प्रत मागून ओळन् ओळ वाचा. सकाळी अकराला मागे रांग असताना वाचता येत नाही. माझ्या बिलात मी कधीच न प्यायलेल्या दोन बाटल्या निघाल्या. मिनीबार पहिल्या दिवशी रिकामा केल्याची नोंद होती म्हणून त्या लगेच काढल्या. हॉटेलच्या साखळीचं सदस्यत्व घेतलं असेल तर गुण जमा झाले का पाहा. कंपनीच्या काही करारांच्या दरांवर ते मिळत नाहीत. खोली आवरणाऱ्या बाईंना टीप द्यायची तर शेवटी एकदम न देता आठवड्याला द्या, कारण शेवटच्या दिवशी पाळी दुसऱ्याच कुणाची असते.

नव्या घरात पहिल्या रात्रीसाठी गादी, एक केटल, बादली-मग आणि पडदे एवढं लागतं. त्यातही पडदे गादीच्या आधी घ्या. हॉटेलच्या जाड काळ्या पडद्यांची महिनाभर सवय झालेली असते, आणि जूनमध्ये दुबईत साडेपाचलाच सूर्य थेट उशीवर येतो.